न पाठवायची यादी

मार्केट यार्डात हळदीचा सौदा उठला
की पिवळी धूळ आमच्या कीबोर्डात उतरते.
त्याच बोटांनी मी पत्रं लिहिते:
मगदूम हळद भांडार, सांगली. आजचा भाव.

पेनड्राइव्ह अण्णांच्या भाच्यानं आणला, पुण्याहून.
अकरा हजार पत्ते, साडेतीन हजार रुपये.
"ठोकून दे की," बाबगोंडाअण्णा म्हणाले,
"अकरा हजारात अकरा तरी गिऱ्हाइकं घावतील."
मी विचारलं, यातल्या कुणी आपल्याला पत्ता दिलाय?
अण्णांनी गादीवरच्या फोटोकडं बघितलं,
जणू उत्तर वडलांनी द्यायचं होतं.

तीन संध्याकाळी बसून मी कायदे वाचले.
आपले, आणि जिथं जिथं आपली हळद जाते तिथले.
भाचा म्हणाला, विषयात 'तुमच्या पत्राचं उत्तर' घाल,
लोक उघडतात.
ज्यानं कधी लिहिलंच नाही
त्याला कसलं उत्तर?

अण्णा मूळचे हरिपूरचे. म्हणून मी पेवाचं बोलले.
तोंड उघडलं की लगेच उतरत होता का आत?
"छ्या! माणूस मरतंय की.
दिवसभर उघडं ठेवायचं. कंदील सोडायचा.
इझला, तर कुणी उतरायचं न्हाई."
मी काहीच बोलले नाही.
थोड्या वेळानं त्यांनीच पेनड्राइव्ह उचलला
आणि तिजोरीत ठेवला, खोट्या नाण्यांच्या डब्यात.

मग जुन्या वह्या काढल्या.
ज्यांनी स्वतःच्या हातानं पत्ता लिहिला होता तेवढेच घेतले,
त्यांनाही आधी विचारलं: पाठवू का?
दोनशे चौदा जण हो म्हणाले.
तळाशी आमचा खरा पत्ता, गाळा नंबर सत्तेचाळीस.
"बोर्ड रंगवायला पैसं दिल्यात," अण्णा म्हणाले,
"पत्ता लपवायला आपण काय चोर हाय?"
त्याखाली एक ओळ: ही पत्रं नको असतील तर इथं दाबा.
भाच्याला ती बारीक हवी होती, राखाडी.
मी काळी केली, वरच्या भावाएवढीच ठळक.

श्रावण संपता संपता मिरजेहून उत्तर आलं.
ओळ न दाबता, चार वाक्यं लिहून.
"मी शमीम बारगीर. हा पत्ता माझ्या अब्बांचा.
सतारीच्या भोपळ्यांना हळद लावायचे, का ते कधी सांगितलं नाही.
मार्चमध्ये गेले. दर मंगळवारी त्यांचा फोन वाजतो
आणि अम्मी म्हणते, बघ, सांगलीचा भाव आला. आता नको."

वही काढून बघितली. पान बावन्न.
हिरव्या शाईत, थोडं तिरकं, प्रत्येक अक्षर सुटं:
माणूस घाई न करणारा असावा.

दहा दिवसांची मुदत असते.
मी समोरचा चहा निवायच्या आत नाव काढलं.
पण नुसतं पुसून भागत नाही.
पुसलेला पत्ता उद्या दुसऱ्या कुठल्या यादीतून
पुन्हा आत येईल, आणि पुन्हा वाजेल.
म्हणून तो वेगळा लिहून ठेवावा लागतो,
न पाठवायच्या यादीत.
त्यांना विसरायचं आहे
हे विसरू नये म्हणून.

सात नावं आहेत तिथं.
एक चिकोडीचे व्यापारी, रागावलेले.
एक बाई, जिला मसाल्याचा धंदाच बंद करावा लागला.
दोनशे तेरा पाठ नाहीत मला,
हे सात आहेत.

आज मंगळवार. राजापुरीचा भाव थोडा चढलाय.
यंत्र दोन्ही याद्या ताडून बघतं
आणि मिरजेतल्या एका नावापाशी काहीही करत नाही.
अम्मीला शमीमनं काय सांगितलं असेल
ते कुठल्या कलमात नाही.
बाहेर हमाल पोती झटकतायत.
मी कीबोर्ड उलटा करते, धूळ झाडते.
थोडी राहतेच.