चांदणी नावाचा शेतकरी

अमावास्येला सांगलीच्या यार्डात सौदे बंद.
पावती नाही, वजन नाही,
काट्यावर एक मांजर झोपलेलं, तेवढंच.
पण रात्री दोनला माझी स्क्रिप्ट ठरल्यासारखी उठली
आणि म्हणाली, आजच्या फोल्डरमधलं
'हळद', पुढे चांदणी, जे जे असेल ते आण.

चांदणी म्हणजे काहीही.
राजापुरी, सेलम, कणी, गठ्ठा, सापडेल ते.
सापडलं काहीच नाही.
तेव्हा शेलनं ती चांदणीच उचलली
आणि नाव म्हणून पुढे सरकवली.

सकाळी आरवाडे शेठ, चष्मा कपाळावर:
"हा चांदणी कोण गं? कुठल्या गावचा?
माल शून्य, हमाली शून्य,
आणि खातं उघडून बसलाय!"

हसले मी. मग हसू गेलं.

काही नसेल तर शब्दच गाळून टाक,
असंही सांगून पाहिलं त्याला.
बेरीज करणारा रिकाम्या हातानं दारात उभा राहिला,
कोणी काही सांगेल म्हणून, उजाडेपर्यंत.
यादी करणारा त्याच्याही पुढचा:
नाव दिलं नाही म्हटल्यावर
सगळं घरच मोजायला लागला.

शेवटी शिकवलं, थांब आणि ओरड.
पुढच्या अमावास्येला ओरडला.
शेठ वैतागले, "सुट्टीला सुट्टी म्हणायला
मध्यरात्री फोन?"
त्यांचंही खरंच.
पण काट्याची वायर उंदरानं तोडली
तरी फोल्डर असंच दिसतं,
तितकंच स्वच्छ.

मग शेठनीच सांगितली,
हरिपूरच्या पेवांची गोष्ट, महापुराच्या आधीची.
त्यांच्या वडिलांनी दस्तगीर हमालाला चिठ्ठी दिली:
'म' खुणेची पोती, असतील तेवढी.
त्यानं झाकण काढलं, कोंडलेली हवा जाऊ दिली,
दोरीला बांधून कंदील सोडला.
वात टिकली तेव्हा उतरला.
खाली पिवळ्या भिंती. बाकी काही नाही.

वर आला तो चिठ्ठी पोत्यात शिवून नाही आला.
शेजारच्या पेवातलीही ओढून आणली नाहीत.
कोळसा घेतला
आणि झाकणावर एक मोठं पूज्य काढलं.

"रिकाम्याला खूण कशाला रे?"
वडील म्हणाले.

दस्तगीर हात झटकत होता.
"उद्या कोणीतरी परत उतरेल, मालक."