किल्ली माझ्याकडे असते

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी
औलूच्या वाचनालयाचं तळघर मी सहाला उघडतो.
अंधार तीनलाच पडलेला असतो,
त्यामुळे सहा म्हणजे जवळजवळ मध्यरात्र.
हीटर लावतो. अकरा खुर्च्या मांडतो.
पाच जण येतात, कधी सहा.
बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर झटकतात,
पण पुरता नाही. उरलेला पुसायचा मीच.

पिशवीतून लॅपटॉप काढतानाच
प्रत्येक जण आधी सांगून टाकतो:
अजून झालेलं नाहीये हं.
दारात पाहुणे आल्यावर
'घर आवरलेलं नाहीये' म्हणतात ना,
त्या सुरात.

तुइरे दातांच्या दवाखान्यात मदतनीस.
तिच्या खेळात एक पाकोळी
रात्रीचं स्वयंपाकघर ओलांडते,
दिव्यापासून स्वतःला सांभाळत.
या महिन्यात तिनं फक्त नळ केला.
नळ ठिबकतो. थेंब पडला
की ओट्यावरची तिरीप हलते.
तीस दिवसांत एक नळ.
सगळ्यांनी पुन्हा पुन्हा ठिबकवून पाहिला.

नीलो चौदाचा. त्याचं एल्क उडी मारतं
आणि जमिनीतून आरपार जातं,
पडत राहतं, शिंगं वर, चेहरा शांत,
खालच्या निळ्या रिकाम्यात.
सगळे त्याच्या खांद्यावरून वाकतात,
घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधतात.
राइमो म्हणतो,
'ही जमीन आहे हे तू जमिनीला सांगितलंच नाहीस.'

राइमोचा खेळ अकरा वर्षं चाललाय.
त्यात किल्ला असणार आहे, चाळीस गावं, एक खोटारडी राणी.
सध्या दार आहे.
पण काय दार आहे!
बिजागरी आधी कुरकुरते,
मग जरा विचार करते,
मग उघडते.
पलीकडचं पुढच्या वर्षी.

आणि ओस्मो.
दिवसभर बस चालवतो,
रात्री घरी जाऊन बसचाच खेळ लिहितो.
बर्फ, वायपर, नऊ थांबे.
कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही.
'दोन-चार प्रवासी टाक ना,' तुइरे दर वेळी म्हणते.
'बघू,' तो दर वेळी म्हणतो.

गेल्या गुरुवारी तो माझ्याकडे वळला.
'तू चालवून बघ. तुला यातलं काही कळत नाही, म्हणून.'
मी मॉप भिंतीला टेकवला.
माझी बोटं जाड, बटणं बारीक.
दोन खांब आडवे केले, एका पोस्टाच्या पेटीची माफी मागितली.
नवव्या थांब्यावर बस उभी राहिली
आणि पुढे काय दाबायचं ते कळेना,
म्हणून बसून राहिलो.
बाकीचे तोवर राइमोच्या दाराकडे गेले होते.
वायपर इकडे, वायपर तिकडे.
सहा मिनिटं झाली असतील. सात?

झाडांमागे कंदील हलला.
एक बाई, डोक्याला रुमाल, काखेत पुठ्ठ्याचं खोकं,
गुडघाभर बर्फातून
घाई न करता आली,
चढली,
मागून तिसऱ्या सीटवर बसली.
खोक्यात काहीतरी हललं.

मी ओस्मोकडे पाहिलं.
कान लाल करून तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.
'दोन वर्षं झाली तिला,' म्हणाला.
'एवढा वेळ कुणी थांबतच नाही.'

'खोक्यात काय आहे?'

'अजून झालेलं नाहीये.'

नऊला हीटर बंद केला.
नीलो वायर गुंडाळत होता,
त्याच्या पडद्यावर एल्क अजून पडतच होतं,
कुणीतरी त्याला तळ देईपर्यंत.
जाताना ओस्मोनं दारात उगाच माझा खांदा दाबला.

मग मी फरशी पुसली.
कोंबडी असावी, असं मला वाटतं.
मांजर नाही.
मांजर असं हलत नाही.