दोन दिवस

दसरा होऊन आठवडा झालेला.
इनायत परभणीहून आला, पाणीही न पिता म्हणाला,
"चल, खालच्या विहिरीपर्यंत जाऊन येऊ."
ऊन अजून कडक, पण बाभळीखाली शिरलं की
मानेवर कुणी गार तळहात ठेवल्यागत वाटायचं.

सोयाबीन निघून गेलेलं.
रानभर धसकटं, आणि मळणीयंत्र जिथं उभं होतं तिथं
भुसकटाचा पिवळट ढीग,
त्यात एक कुत्रं गुंडाळून झोपलेलं.
तूर नुकती फुलावर.
बांधावरचा तरवड मात्र कुणी न पेरता
सगळ्यांपेक्षा जास्त पिवळा.

तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली त्यानं.
अजूनही डोळ्यांच्या आधी कान पुढे धरून चालतो.
टेकडीपलीकडे ट्रॅक्टर सुरू झाला,
"नोझल गेलंय," म्हणाला, "हप्त्यात बंद पडतंय."
माझे गुडघेही ऐकू जात असणार त्याला.
तसं बोलला नाही.
चाल तेवढी कमी केली, आणि म्हणाला,
"चप्पल नवी हाय, चावायली."
चप्पल जुनीच होती.

धारूरच्या बाजूच्या उताराला
सीताफळांनी डोळे उघडलेले.
दोन तोडली त्यानं, अंगठ्यानं दाबून पाहिली.
एक परत फांदीच्या बेचक्यात ठेवलं,
"ह्याला अजून दोन दिवस लागतेत."
जसं काही ते तिथं
आमच्या शब्दावर बसून राहणार होतं.
दुसरं उभ्याउभ्याच खाल्लं.
बी कोण लांब थुंकतो,
हे साठी उलटल्यावर बघू नये.
बघितलं.
मी हरलो. वारा त्याच्या बाजूनं होता.

विहिरीवर आता लोखंडी जाळी,
शेजारी सोलरचं पॅनेल, आभाळाकडे तोंड करून.
पाणी यंदा वरपर्यंत आलेलं.
सुगरणीची रिकामी घरटी पाण्यावर झुलत होती,
आणि पाण्यातही.

इथं आलो की भांडण ठरलेलं.
सातवीत होतो. पारूबाईचं करडू विहिरीत पडलं.
मी म्हणतो, उडी इनायतनं मारली,
मी काठावर उभा राहून नुसता रडत होतो.
तो म्हणतो, "खोटं बोलू नको, मन्मथ,
रडत मी होतो. उडी तुझी."
पन्नास वर्षं झाली,
दोघंही हटायला तयार नाही.
पारूबाई गेली. तिचा वाडगाही मोडला.
विचारावं असं कुणी उरलं नाही.
पण करडू निघालं होतं, एवढं दोघांना पक्कं आठवतं.
भिजलेलं, थरथरणारं,
कुणाच्या तरी छातीशी शिंकलेलं.

मग कठड्यावर बसून
पायजम्याची कुसळं काढली.
मला वाकता येईना, तर माझीही त्यानंच काढली,
एकेक, चिमटीत धरून,
बारीक स्क्रू काढल्यासारखी,
आणि तळहातावर जमवत राहिला.
उठताना टाकून दिली.
"रुजतील की इथंच," मी म्हणालो.
"रुजू दे. पुढच्या खेपेला
दुसऱ्या कुणाला तरी चिकटतील."
पुढच्या खेपेवर दोघंही
जरा गप्प झालो.

पाचच्या गाडीनं तो गेला.
खिडकीतून हात नाही हलवला,
इंजिनाकडे कान लावून बसलेला दिसला.

दोन दिवसांनी मी उतारावर गेलो.
फळ बेचक्यातच होतं.
वरच्या बाजूनं पाखरांनी कोरलेलं,
खालचं अर्धं शाबूत, मऊ, बोट शिरेल इतकं.
तेवढं खाल्लं.
बी थुंकली, जवळच पडली. वारा नव्हता.

तिथूनच फोन लावला.
"पिकलं," म्हणालो.
तिकडून बराच वेळ काही नाही.
मग तो म्हणाला,
"एवढा चढ एकटा कामून चढलास?"