दोनशे त्रेचाळीस

रंगाचा डबा माझ्याकडे, यादी बे साहेबांकडे.
टेकडीच्या पोटाला धरून आम्ही उतरत होतो,
दगडामागून दगड, आकडा टाकत.
पाइनच्या मुळांनी एका बाजूनं उचललेला दोनशे एकोणचाळीस.
भाताच्या बांधात कमरेपर्यंत रुतलेला चाळीस.
एक्केचाळीसला कुणीतरी बैल बांधला होता,
तो सोडायला मालक येईपर्यंत एक सिगारेट झाली.
बेचाळीस दुभंगलेला.
त्रेचाळीस ओकबुन आजींच्या परसात.

चार माणसं आडवी झोपतील एवढी त्याची पाठ,
तिच्यावर मिरच्या वाळत घातलेल्या,
कडेला सोयाच्या रांजणांची रांग,
पोटाखालच्या सावलीत कुत्रं.
"मिरच्या उचला," साहेब म्हणाले.
"ऊन उतरू दे," आजी म्हणाल्या.

मग बसलो. दुसरं काय करणार.

"नवी नवरी आले, तेव्हा सासूनं आधी याच्यापुढं वाकायला लावलं,
सासऱ्यांचा नंबर नंतर.
थोरल्याच्या वेळी कळा सुरू झाल्या,
याला टेकून उभी राहिले. गार होता. बरं वाटलं.
लढाईच्या साली धाकटा दीर दोन रात्री
याच्याखाली पालथा पडून होता.
तिसऱ्या रात्री भूक लागली म्हणून बाहेर आला."
इथं त्यांनी कुत्र्याला हाकललं, उगाच.
"आत कोण आहे मला ठाऊक नाही.
पण पसरताना सांगते, पसरते हं.
उचलताना सांगते, उचलते."

ऊन उतरलं. मी आकडा काढला, पांढरा, वीतभर.
रंग ओला असतानाच आजींनी सवयीनं दगडावर थाप मारली
आणि चारचं शेपूट त्यांच्या तळव्यावर आलं.
साहेब माझ्याकडे बघायला लागले.
मी ब्रश धुवायला गेलो.

कापणीनंतर खणलं.
दोऱ्या, चाळण्या, शहरातली पोरं, मास्क लावलेली.
एक दगडी खंजीर सापडला, घासून घासून नितळ केलेला, टोक नसलेला.
एक तांबडं बोळकं, मुठीत मावेल असं.
हाड एकही नाही.
"इथली माती आंबट," साहेबांनी समजावलं,
"हाडं ठेवत नाही. सगळं विरघळून घेते."
आजी खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसल्या होत्या.
त्यांनी चिमूटभर माती जिभेला लावली,
रांजणातलं मुरलं का पाहावं, तशी.
"म्हणजे इतकी वर्षं माझ्या मुळ्यांत, माझ्या कोबीत..."
पुढचं बोलल्या नाहीत.
बराच वेळ तोंडात जीभ फिरवत राहिल्या.

गाव उठलं.
सगळ्यांना तिसरा मजला, चौथा मजला, नळाला गरम पाणी.
परसं बुजवून हिरवळ लावली,
दगडांभोवती दोर आला, दोराला पाटी: स्पर्श करू नये.
मला खाकी टोपी आणि शिट्टी मिळाली.

सप्टेंबर लागला की साडेसातच्या बसनं ओकबुन आजी येतात,
पाठीला गाठोडं.
दोराखालून वाकून जाताना एका गुडघ्यावर हात,
दुसरा हात दगडावर.
काहीतरी पुटपुटतात, मला ऐकू येत नाही.
मग एकेक मिरची, देठ सगळे एकाच अंगाला,
जणू कुणी मोजणार आहे.
तेवढा वेळ मी फाटकाशी शाळेच्या सहली मोजतो,
त्याही कधी कधी दोनदा.

"ते लाल काय आहे?" पोरं विचारतात.
"नैवेद्य आहे का? रक्त आहे?"
"वाळतंय," मी सांगतो.

बे साहेब निवृत्त झाले.
त्रेचाळीसमधला चार अजून अर्धाच आहे,
दर वर्षी रंग मागवायचा राहून जातो.
पश्चिमेकडून ढग चढायला लागले
की तेवढी शिट्टी वाजवतो, जोरात, दोनदा.
आजी बाकावर पेंगत असतात.