वायव्य, सहा

निघताना कुलूप लावायचं ठरलं
आणि कळलं, दाराला किल्लीच नाही.
एकवीस वर्षं ते दार फक्त वाऱ्याला अडवत होतं,
तेही त्याची मर्जी असेल तेव्हा.
एफी म्हणाली, राहू दे,
मेंढ्यांना कडी उघडता येत नाही.

बोट साडेसातची, म्हणजे साडेदहाला सुटली.
डिकीत मिक्सर, पोहे, वेंगुर्ल्याहून आणलेला पाटा.
वरवंटा श्रीरंगने मांडीवर घेतला होता,
लहान मूल घ्यावं तसा.
धक्क्यावर लॉकलन दोर सोडत होता.
त्याच्या तिन्ही मुली माझ्या हातांवर जन्मलेल्या.
तो काही बोलला नाही.
दोर सोडून झाला तरी
हात तसेच, काहीतरी धरल्यासारखे.

टायरी बेट सपाट. बुडायला वेळ लागत नाही.
आधी कुरणं गेली, मग कुंपणं,
मग घरांचे पाय, मग घरं,
शेवटी नुसती धुराडी, गळ्याइतक्या पाण्यात.
मी मागे वळून पाहिलं नाही, असं सगळ्यांना सांगते.
पाहिलं.

ग्लासगोत फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर.
पहिला आठवडाभर श्रीरंग
समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला
स्टिअरिंगवरून एक बोट उचलत राहिला.
तिकडे न उचलणं म्हणजे भांडण.
बोट सुटली, पण हे बोट काही सुटेना.
मेरीहिल रोडवर चाळीसेक गाड्यांनंतर
एका बसवाल्याने उलट बोट दाखवलं,
कुठलं ते सांगत नाही.
श्रीरंग खूश. म्हणाला, दिलं की उत्तर!

मला वाटलं होतं, त्रास आवाजाचा होईल.
झाला झाडांचा.
बेटावर सांगण्याजोगं झाड नाही.
वारा तिथे नुसता वारा,
अंगाला लागला की कळला.
इथे तो आधी पानांत शिरतो,
तिथे काहीबाही बोलतो, मग माझ्याकडे येतो,
जुन्या ओळखीच्या माणसाने
दुभाषा घेऊन यावं तसा.

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
खुर्ची नंबर नऊ.
रक्त एका नळीने जातं, दुसरीने परत येतं.
जिन्सी नावाची नर्स विचारते,
आंटी, ओठांत काय मोजता?
काय सांगू.
वडील बोटांच्या पेरांवर तिथी धरून
उधाण नि भांग मोजत.
तिकडेही चंद्र तोच होता,
हिशेब फारसा चुकला नाही.
सहा तास भरती, सहा तास सुकती.
हे मशीन सगळं चार तासांत उरकतं.
घाईचं पाणी. शहरी.
पण शेवटी शेवटी पोटऱ्यांत गोळे येतात
तेव्हा समजतं, सुकती पुरी झाली,
आता टोपली घेऊन
शिंपल्या वेचायला उतरायला हरकत नाही.

फ्रिजवर तिकडच्या भरतीचं कोष्टक अजून आहे.
श्रीरंग म्हणतो, काढू या. काढत नाही.
यंदाचं तर त्यानेच मागवलं.

रविवारी एफीचा फोन.
रस्त्याकडेचा अंड्यांचा डबा उडाला, पैसे सापडले.
माझ्या जागी आलेली सुईण
दोन दिवस ओबनला अडकलीय, बोट नाही.
तुमचं दार दोनदा उघडलं, दोनदा मी लावलं.
मग ती बोलायची थांबते
आणि फोन दाराबाहेर धरते.

मी इकडे खिडकी लावून घेते,
श्रीरंगला हातानेच गप्प करते.
वायव्य, म्हणते मी. पाच.
बराच वेळ कुणी नाही, फक्त तो.
मग एफी, जरा रागावून:
सहा.
इतक्यात विसरलीस?