तीनशे चाळीस पावलं

सरकारी वकील विचारतात, पोलीस चौकी किती लांब होती?
नेमेसिओ रिआस्कोस सांगतो, तीनशे चाळीस पावलं.
मग जरा थांबून, ओहोटी असेल तर.
मी आकडा टाइप करते.
ओहोटीचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

बुएनाव्हेंतुराच्या या कोर्टात पंखा एकच,
तोही न्यायाधीश बाईंकडे तोंड करून.
आमच्या वाट्याला बंदराचा वास,
डिझेल, पिकून काळी पडलेली केळी, खाजणातला चिखल.

हा माणूस होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा.
दोन वर्षं कोठडीत काढली, नखांतलं काळं गेलेलं नाही.
एका मंगळवारी दोघं आले. आवाज चढवला नाही,
शिवी दिली नाही, हे तो दोनदा सांगतो,
जणू तेवढंच त्याला अजून उलगडलेलं नाही.
त्यांनी फक्त विचारलं,
तुझ्या लेइदीच्या एका बुटाची नाडी हिरवी का?

सकाळी त्यानंच ओवली होती.
पांढरी तुटली म्हणून.

गुरुवारी रात्री त्यानं होडी चालवली.
जाताना होडीत पाच जण.
येताना चार.
मागे वळून पाहिलंस? नाही.
आवाज ऐकलास? इंजिनचा.
आणखी कसला?
मी लिहिते, आरोपी गप्प.
किती वेळ गप्प, त्याला रकाना नाही.

कायद्यात एक शब्द आहे.
बचावाचे वकील तो ओल्या हवेतल्या काडेपेटीसारखा
खिशातून जपून काढतात:
जिंकता न येणारी भीती.
पण धमकी आत्ताची हवी, परवाची चालत नाही.
निसटायला वाट नको,
आणि वाट होती की नव्हती हे ठरणार
दिवसाउजेडी, नकाशा भिंतीवर टांगून.
शिवाय कुणीही समंजस माणूस
त्या जागी तसाच वागला असता, असं दिसायला हवं.

या समंजस माणसाला मी वीस वर्षं टाइप करते आहे.
त्याला मूलबाळ आहे का, मला माहीत नाही.
आमच्या वस्तीत, पाण्यावर खांब रोवून उभ्या घरांत,
तो कधी भाड्यानंसुद्धा राहिलेला नाही.

तिसऱ्या बाकावर एउफेमिया अंगुलो बसते,
त्या पाचव्याची आई.
जन्मभर खारफुटीच्या मुळांतून शिंपले वेचले,
बोटं आता सरळ होत नाहीत.
आज ती उठून उभी राहते, न विचारता,
आणि थेट त्याला विचारते,
माझ्या पोराच्या पायांत काही होतं का रे?

बाई म्हणतात, खाली बसा.
ती बसत नाही.
तो म्हणतो, नव्हतं, आई. अनवाणी होता.
मग पहिल्यांदाच रडतो,
नाक बाहीला पुसत, कुरूप, मोठ्यानं.
ती पाहत राहते. माफ करत नाही,
शापही देत नाही. पिशवी उचलून निघून जाते.

बाई मला सांगतात, एवढं नोंदीतून वगळा.

वगळण्यात माझा हात बसलेला आहे.
गेल्या साली एका जाडजूड फाइलमधून
एकशे बारावं पान मी काढलं.
बाजारात शेजारी उभा राहून कुणीसं
माझ्या मुलाच्या बसचा नंबर सांगितला होता,
फळवालीला सुटे पैसे देता देता,
हसून.
पान घरी नेऊन चुलीत घातलं. वर मासे शिजवले.
त्या खटल्यातले तिघं सुटले.
त्यांच्यातलाच एखादा त्या होडीत होता का,
हे मी अजून पडताळलेलं नाही. नावं समोरच आहेत,
याच टेबलावर, दोरी बांधलेल्या गठ्ठ्यात.

मला कुणी आरोपी केलं नाही,
म्हणून पावलंही विचारली नाहीत.
माझ्या खुर्चीपासून बाईंच्या दारापर्यंत
अकरा.
तिथे भरती येत नाही.