कळलावी

तुपाच्या पाच किलोच्या डब्यात वाढवते मी तिला.
बुडाला खिळ्यानं पाडलेली सात भोकं,
अंगावर लाल रंगात लिहिलंय : विष.
जुनी सवय. बाटलीवर नाव नसेल
तर हात लावायचा नाही.

ज्येष्ठात मातीतून एक बोट वर येतं
आणि धरायला काहीतरी शोधतं.
पानापानाच्या टोकाला आकडा.
कपड्यांची दोरी, अँटेना, एकदा तर
गच्चीवर विसरलेल्या माझ्या चष्म्याची दांडी.

शेजारच्या सरनोबत वहिनी म्हणतात,
"सिस्टर, उपटून टाका ते. कळ लावतंय घरात.
आमच्यात एक दिवस सुखाचा न्हाई."
मी म्हटलं, तुमच्यात त्याच्या आधीपासनं न्हाई.
झालं, महिनाभर अबोला.

ती आली कुठून, ते लिहून ठेवते.
रात्रपाळी, मी नवी.
दाजीपूरकडची हौसाक्का. डोली, मग जीप, मग स्ट्रेचर.
कमरेला काळा दोरा, दोऱ्यात
नांगराच्या आकाराचं मूळ.
नियम होता, दोरे-ताईत सगळं कापायचं.
मी कात्री उचलली, तिनं मनगट धरलं.
"आत्ता नगं. पोर भाईर आलं की तोड, लगीच.
उशीर झाला तर पिशवीबी वढून काढतंय ते."
मी हसले नाही. घड्याळ बघितलं.
तीन वाजून सात मिनिटांनी मुलगी,
तीन वाजून सात मिनिटांनी दोरा.
नोंदवहीत फक्त मुलगी.

मूळ एप्रनच्या खिशात राहिलं.
धुण्याच्या बोचक्यात सापडलं तेव्हा
त्याला डोळा फुटला होता.

भाद्रपदात ती मान खाली घालून उमलते,
पाकळ्या मात्र वर, हिरव्या, पिवळ्या, मग लाल.
खालच्या मजल्यावरची सावंतवाडीची सून
गौरीसाठी दोन फुलं मागून नेते, घाबरत.

आणि एकजण आली होती. नाव नाही सांगणार.
संध्याकाळची, ओढणी दातात धरून.
"सिस्टर, बोटभर मूळ द्या. कुणाला कळायचं न्हाई."
तिला कोणी सांगितलं होतं, मोकळी होशील.
मी म्हटलं, मोकळं करतं खरं. सगळ्यातूनच.
गच्चीला कुलूप घातलं, तिला चहा दिला,
सकाळी रिक्षा केली दवाखान्याला,
बाहेरच्या बाकावर माझ्या मांडीवर तिची पर्स.
आता रंकाळ्यावर दिसते कधी. ओळख देत नाही.
बरोबर आहे.

कार्तिकात वेल वाळून काथ्या होते.
डब्यात नुसती माती, मांजर येऊन बसतं.
मी पाणी घालत नाही. खाली ती आहे.
पायाचा अंगठा सुजला की डॉक्टर देतात ती
अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी, तिच्याच विषाची,
दुकानातून, पावतीसकट.
जिभेवर ठेवताना मी अजून घड्याळ बघते.

लाल रंग उडालाय. 'वि' तेवढा राहिलाय.
रविवारी ब्रश आणीन.